मामा, हात तुझा गेला नव्हता

प्रिय मामा,

परवा दुपारी अण्णा आले होते चारकोपला, आपल्या घरी. जोगेश्वरीच्या बारवाले अण्णा. तुझं मशीन बघायला आले होते. मी नाण्यासारखा तो बिल्ला टाकला, दांडा खेचून सोडला. गोळी वर गेली, खिळ्यांवर टणटण करत खाली आली आणि थेट पापलेटच्या खळग्यात पडली. घंटी वाजली. एकदाच वाजली आणि थांबली! अण्णांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "क्या बात है, सायली! मामाला जमलं नाही ते तू करून दाखवलंस."

आणि मी हसले, मामा. वर "थँक्यू अण्णा" असं म्हणाले.

म्हणून हे पत्र. तू गेलास त्याला आता दोन वर्षं होतील. तू होतास तेव्हा मी तुला धड मेसेजसुद्धा केला नाही कधी. "पोचले." "ठीक." "नंतर बोलते." बस्स. आता ही दोनदा बारावी नापास झालेली तुझी भाची वहीची पानं भरत बसलीय. हस तू. पण शेवटपर्यंत वाच, कारण मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी तुला तीन वर्षांपूर्वी सांगायला हवी होती.

तुझ्या मशीनबद्दल लोकांना सांगायचं म्हणजे पण ताप आहे यार! शेजारची मुलगी विचारत होती, हे काय घरात खोलून ठेवलंय. म्हटलं, बारमधला खेळ, माझा मामा ह्याचा मेकॅनिक होता. "म्हणजे व्हिडिओ गेम?" नाही गं बाई, ह्याला स्क्रीनच नाही. शाळेच्या खिडकीएवढी लाकडी पेटी, पुढे काच, छातीच्या उंचीला भिंतीवर टांगलेली. आत खिळे, खळगे आणि एक पोलादी गोळी. गोळी खळग्यात पडली की खालची पत्ती दबते, पत्तीवरची दोन टोकं एकमेकांना टेकली की रिले, म्हणजे विजेचा खटका, टक् करतो, रिलेने टक् केलं की आकड्यांचं चाक एक घर पुढे सरकतं, मागचा दिवा लागतो. झालं. "मग हे चालतं कशावर?" तिने विचारलं. मी म्हटलं, विजेवर आणि मामाच्या बोटांवर.

तिला वाटलं मी फेकतेय.

मला त्या काचेवरचं चित्र किती आवडायचं सांगू? मूळ काचेवर म्हणे कुणी गोरी बाई चंद्रकोरीवर बसलेली होती. ते मशीन आलं होतं तुटायला आलेल्या एका जहाजातून. खलाशांच्या बारमध्ये टांगलेलं असायचं, आणि दारुखान्याच्या भंगारात तुला ते सापडलं. तू ती बाई पुसून टाकलीस आणि साइनबोर्डवाल्या पेंटरकडून मासे काढून घेतलेस. बोंबील, बांगडा, सुरमई, आणि वरच्या कोपऱ्यात, जिथे गोळी शंभरात एकदा जाते, तिथे पापलेट. आणि बरोबर मधोमध सगळ्यात मोठा खळगा, त्याच्यावर लिहिलं होतं, "रिकामं जाळं." मालवणच्या माणसाशिवाय हे कुणाला सुचणार!

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वीस वर्षं तू रिलेच्या पत्त्या साफ केल्यास. मग एक्स्चेंज बदललं, हॉलभर टकटकणाऱ्या रिलेंच्या जागी दोन गप्प कपाटं आली, आणि तुला टेबलावर बसवून फायली दिल्या. तू मला सांगायचास, "गो, कानात दडे बसल्यासारखा वाटायचा. शांतता ऐकवायची नाय." मग तुला हे मशीन भेटलं. मग दुसरं. मग एकेक करत सात. अंधेरीत दोन, जोगेश्वरीत तीन, गोरेगावला एक, आणि एक घाटकोपरला, जिथे जायचं म्हटलं की तू परदेशी निघाल्यासारखा डबा आणि स्वेटर घ्यायचास. स्वेटर कशाला रे? कधी कळलंच नाही.

बक्षीस काय, तर पापलेट लागलं की शेंगदाण्याची एक प्लेट फुकट. बाकी काही नाही. कुणीतरी तक्रार केली होती ना, की बारमध्ये मटक्याचं मशीन लावलंय? एक हवालदार आले, टोपी काढून दहा वेळा खेळले आणि दहाही वेळा रिकामं जाळं. शेवटी अण्णांना म्हणाले, "ह्याच्यात जुगार नाय, नुसता अपमान आहे." ही गोष्ट तू किमान पन्नास वेळा सांगितलीस, आणि दर वेळी हवालदाराच्या मिशा थोड्या थोड्या वाढत गेल्या.

हे मी कुठे चालले? मला दुसरंच सांगायचंय. पण मामा, त्या गोष्टीकडे यायला वेळ लागतोय. तू तर मला ओळखतोस. मी सरळ रस्त्याने कधी कुठे गेलेय?

आईने मला तुमच्याकडे पाठवलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. दुसऱ्यांदा नापास, तीन क्लास अर्धवट, एक नोकरी अडीच दिवसांची. तुझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता, स्कूटर चालवायला कुणीतरी हवं होतं. तू मला विचारलंस, "येतंस?" आणि मामीने स्वयंपाकघरातून लाटणं हातात घेऊनच विचारलं, "पोरीला बारमध्ये नेता तुम्ही? लोक काय म्हणतील?"

तू म्हणालास, "सकाळी अकराच्या आत बार म्हणजे नुसता फिनेलचा गोडाऊन. तिथे काय बिघडणार ती?"

खरंच होतं ते. टेबलांवर उलट्या ठेवलेल्या खुर्च्या, ओली फरशी, आत कांदा चिरल्याचा आवाज. तू मशीनचं झाकण उघडायचास, पण आधी आत बघायचासच नाहीस. लाकडाला कान लावायचास. मी गोळी सोडायची, तू ऐकायचास. "टक् आसा, ठीक. आता टुक् इलो. चौथी पत्ती." आणि चौथीच असायची! मी किती वेळा तुला फसवायला बघितलं. एकदा मुद्दाम सातवी पत्ती वाकवून ठेवली होती, आठवतं? तू कान लावलास आणि म्हणालास, "सातवी. आणि ही मशीनची खोड नाय, तुझी."

मग लग्नपत्रिका बाहेर निघायच्या. हे पण मी त्या शेजारच्या मुलीला सांगितलं, तेव्हा मात्र ती खूश झाली. पत्तीच्या टोकांवर काजळी धरते, ती काढायची कागदाने. कागद जाड हवा, साधा हवा, चकचकीत अजिबात नको. आणि असा कागद फुकटात कुठे मिळतो, तर लग्नपत्रिकेत. वरचा गणपती कापून तू वेगळ्या पाकिटात ठेवायचास, आणि उरलेल्या पत्रिकेच्या बोटभर रुंद पट्ट्या. बत्तीस पत्त्या, प्रत्येकीच्या दोन टोकांमध्ये पट्टी घालायची, हलकेच दाबून दहा वेळा ओढायची. कागद काळा होतो, टोक उजळतं. नात्यात कुणाचं लग्न ठरलं की तू आधी पत्रिका चिमटीत धरून बघायचास. "मुलगो चांगलो असतलो. कागद चांगलो आसा." मामी कपाळावर हात मारायची.

आणि पहिल्याच दिवशी तू मला बजावलं होतंस, पॉलिश पेपर मशीनच्या जवळसुद्धा आणायचा नाही. "चांदी आसा गो ती. कांद्याच्या सालीएवढी पातळ. घासलंस की गेली. मग खालचा तांबा उघडा पडता, ठिणगी मारता, आणि एक दिवस दोन्ही टोकां चिकटतत ती कायमची." बजावलं होतंस ना? एकदा नाही, चारदा.

एकेक करून सहा बारमधून मशीनं उतरली. तिथे आधी मोठे टीव्ही आले, मग लोक आपापल्या फोनमध्ये गोळ्या फोडू लागले. फक्त अण्णांनी ठेवलं. म्हणायचे, "भिंतीला सवय झालीय." आणि देसाईकाका होतेच. बँकेतून रिटायर झालेले देसाईकाका, रोज बाराला एक बिअर आणि तीन बिल्ले. खेळायच्या आधी चष्मा काढून काच पुसायचे, चष्म्याची नाही, मशीनची.

आता सांगते.

तो गुरुवार होता, अण्णांचा पहिल्या मजल्यावरचा बार. तू आधी सगळ्या पत्त्यांच्या टोकांमधली फट बसवलीस, एकेक, बोटांनी चाचपून. मग मला म्हणालास, "आता पट्ट्या मार. मी अण्णांकडे चाय घेतंय." खाली रस्त्यावर माझी मैत्रीण प्रिया बाईक लावून उभी होती. आम्हाला वसईच्या किल्ल्यावर जायचं होतं, आणि ती सारखी मिस्ड कॉल देत होती. बत्तीस पत्त्या, दहा दहा वेळा. माझ्या बॅगेत पॉलिश पेपर होता, आदल्या दिवशी एका कॅफेच्या खुर्च्या रंगवायला गेले होते त्याचा उरलेला तुकडा.

मी तो काढला, मामा. सगळ्या पत्त्यांवर दोन दोन हात मारले. पाच मिनिटांत झालं. टोकं अशी चमकायला लागली की मलाच वाटलं, झकास! उगाच काय कागदं ओढत बसायचं? मी पावडर फुंकून टाकली, तुकडा बॅगेत कोंबला.

तू चहा पिऊन आलास, चांगला डोळा जवळ नेऊन बघितलंस आणि म्हणालास, "शाब्बास! आरसो केलंस गो." माझ्या डोक्यावर टपली मारलीस. मी जिना धडाधड उतरून प्रियाच्या मागे बसले. किल्ल्यावर आम्ही तेव्हा बोरं खाल्ली होती. किती आंबट होती! अजून दात शिवशिवतात. बघ, परत बोरांकडे पळाले.

महिन्याभराने अण्णांचा फोन आला. देसाईकाकांना पापलेट लागलं होतं आणि घंटी थांबत नव्हती. वाजतेय, वाजतेय. आधी सगळा बार हसला, मग ओरडला, मग चाकाच्या कॉईलमधून धूर निघाला आणि अण्णांनी वायर खेचली. तू एकटाच रिक्षाने गेलास, मी कुठेतरी भटकत होते. तिथे तू पापलेटच्या पत्तीला बोट लावलंस. टोकं चिकटली होती. तुझ्या डोळ्यांना ओरखडे दिसले नाहीत, पॉलिश पेपरचे बारीक ओरखडे. तुला इतकंच कळलं की टोकं चिकटली, म्हणजे फट कमी राहिली. आणि फट कुणी बसवली होती? तू.

तू सगळ्यांसमोर अण्णांना म्हणालास, "माझीच चूक. माझो हात गेलो."

मी घरी आले तेव्हा तू पलंगावर बसून दोन्ही हात समोर धरले होतेस. बोटं बघत होतास. मी विचारलं, काय झालं? तू म्हणालास, एक काम कर. एक लग्नपत्रिका आण आणि एक व्हिजिटिंग कार्ड आण. मी डोळे मिटतंय, तू एकेक माझ्या चिमटीत दे.

आठवतं ना? मी दिलं. "पत्रिका." बरोबर. दुसरं दिलं. "कार्ड." बरोबर. मी उलटसुलट करून दिलं, तेच तेच परत दिलं, एकदा पत्रिका दुमडून दिली. पाचही वेळा बरोबर! पाचव्यांदा तर तू म्हणालास, "दुमडलंस कित्याक?" आणि तरी डोळे उघडून तू काय म्हणालास? "तुक्को लागलो."

तेव्हा मी तुझ्यापासून हातभर अंतरावर होते. तोंड उघडायचं, एवढंच करायचं होतं. "मामा, मी पॉलिश पेपर मारला." पाच शब्द. नाही निघाले. मी म्हणाले, "चहा टाकू?"

तू हत्यारांची पिशवी माळ्यावर टाकलीस. मी पंधरा दिवसांत गोकर्णला पळाले, एका हॉस्टेलात काम आहे म्हणून. मग हंपी, मग कुठे कुठे. तू फोनवर विचारायचास, "खय आसंस?" मी सांगायचे, पण "तू काय करतोस" हे कधी विचारलं नाही. माहीत होतं ना मला. तू काहीच करत नव्हतास. मामी सांगायची, टीव्हीचा आवाज बंद करून बसतात. एके दिवशी दुपारी जेवून तू आडवा झालास तो उठलाच नाहीस. मी पोचले तोवर तुला नेलेलं होतं. तुझ्या चपला दारात होत्या.

एक विचारू? चिडू नकोस. तू का रे इतक्या लगेच मानलंस? मशीनची चूक झाली तर तू चार चार दिवस शोधायचास, वायरीवर वायर तपासायचास. स्वतःवर आलं तेव्हा एक दिवस पण नाही शोधलंस! मला एकदा तरी विचारायचंस, सायले, त्या दिवशी काय केलंस गो? विचारलं असतंस तर मी... काय माहीत. कदाचित तेव्हाही चहाच टाकला असता.

दोन महिन्यांपूर्वी अण्णांनी बोलावलं. बिल्डिंग पाडतायत, रीडेव्हलपमेंट. बार बंद होतोय. म्हणाले, तुझ्या मामाचं मशीन आहे, बंद पडलेलं, पण भंगारात नाही टाकवत, घेऊन जा. टेम्पोत घालून मी ते चारकोपला आणलं. मामीने दिवाणासमोर जागा करून दिली.

झाकण उघडून फोनचा टॉर्च मारला. ओरखडे सगळ्या पत्त्यांवर. एकाच दिशेने, घाईघाईने मारलेले. आपलं अक्षर आपल्याला ओळखू येतं ना, तसे.

मग माळ्यावरून तुझी पिशवी काढली. त्यात तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. उघडते तर काय, एक्स्चेंजच्या जुन्या रिलेच्या पत्त्या, कागदात गुंडाळलेल्या, कोऱ्या, चांदीसकट! चाळीस तरी असतील. मी तिथेच माळ्याच्या शिडीवर बसले. म्हणजे सामान नव्हतं म्हणून तू थांबला नव्हतास. सगळं होतं तुझ्याकडे. फक्त आपल्याच बोटांवर विश्वास नव्हता, आणि तो मी काढून घेतला होता.

सहा आठवडे लागले. इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या मोटर वाइंडिंगवाल्याने कॉईल भरून दिली. पत्त्या मी बदलल्या, बत्तीसच्या बत्तीस. फट बसवताना बारा वेळा रडकुंडीला आले. तू पाच मिनिटांत बसवायचास ती मला एकेक अर्धा अर्धा तास. सहा आठवडे मी एकाच घरात, एकाच खोलीत, एका जागी बसले, मामा. मामी शेजारणीला सांगत होती, "तब्येत ठीक नसेल तिची."

आणि मग परवा अण्णा आले. टाळ्या. "मामाला जमलं नाही ते तू करून दाखवलंस." वर म्हणाले, येत्या रविवारी बारचा शेवटचा दिवस. दुपारी सगळे जुने कस्टमर येणार, देसाईकाका पण येणार. मशीन परत त्याच भिंतीवर लावू, आणि सगळ्यांसमोर तुझा सत्कार करू, शाल, श्रीफळ. "मामाचा शेवटी हात गेला, पण भाचीने नाव राखलं," असं भाषण पण त्यांनी तिथेच करून दाखवलं. मी दारापर्यंत सोडायला गेले. हसतच.

परत आले तर मामी शिऱ्यासाठी रवा भाजत होती. माझ्यासाठी. पाठमोरी होती म्हणून मला जमलं. मी सगळं सांगितलं. गुरुवार, प्रिया, पॉलिश पेपर, पत्रिका आणि कार्ड. सगळं.

तिने गॅस बंद केला. कढई खाली उतरवली. मी म्हटलं, "मामी, मामाला कळलं असेल का गं? मनातून? मला वाचवायला गप्प राहिला असेल?"

ती वळली. "नाही," म्हणाली. "तुझ्या सोयीसाठी काहीतरी बोलू नकोस. ह्यांना कळलं नव्हतं. कळलं असतं तर तुझ्या नावाने दोन दिवस शिव्या घातल्या असत्या, आणि तिसऱ्या दिवशी पिशवी उचलून कामाला गेले असते."

ऐकलंस, मामा? दोन दिवस शिव्या. एवढ्यावर भागलं असतं! मी शिव्या वाचवल्या.

थोड्या वेळाने मी म्हटलं, "मामी, तू तरी शिव्या दे."

"मला कशाला सांगतेस? मी काय म्हटलं होतं, ह्यांचा हात गेला म्हणून? ज्यांना सांगायचं होतं त्यांना तू सांगितलं नाहीस. आता ज्यांनी ऐकलं त्यांना सांग."

"म्हणजे बारमध्ये? सगळ्यांसमोर?"

"हे सगळ्यांसमोरच बोलले होते ना?"

शिरा तिने पुरा केला. माझ्यासमोर बशी ठेवली, पण स्वतः खाल्ला नाही. काल दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. आज सकाळी मात्र कपाटातून एक साडी काढून इस्त्रीला टाकली. मी विचारलं, कुठे लग्न आहे? म्हणाली, "रविवारी येतेय मी बारमध्ये. तू बोलतेस की पळतेस, ते बघायचंय मला."

मामी, बारमध्ये! तू असतास तर? इतकी वर्षं तू तिला सांगत राहिलास, एकदा येऊन बघ तरी माझं मशीन कसं चालतं ते, आणि ती म्हणायची, माझी प्रेतयात्रा तिथून नेलीत तर बघेन.

मी सकाळपासून विचार करतेय. एक सोपा रस्ता दिसत होता. आधी मशीन चालवून दाखवायचं, देसाईकाकांना खेळू द्यायचं, सगळे खूश झाले की मग हळूच अण्णांना कोपऱ्यात घेऊन सांगायचं. पण मला माझी खात्री नाही, मामा. घंटी वाजली की लोक टाळ्या वाजवतात, आणि टाळ्या वाजल्या की मी हसते. परवाच बघितलंय. आणि चालू मशीन बघून पुन्हा सगळ्यांच्या तोंडी तेच येणार, म्हाताऱ्याला जमलं नाही ते पोरीने केलं. मी जेवढं चांगलं चालवीन तेवढा तू खोटा पडणार.

म्हणून हे वचन देते तुला. रविवारी मशीन भिंतीवर लावीन, पण वायर माझ्या हातात ठेवीन. कुणी कितीही म्हटलं तरी सगळं सांगून होईपर्यंत लावणार नाही. आधी जुन्या पत्त्या टेबलावर ठेवीन, देसाईकाकांना चष्मा लावायला सांगेन, ओरखडे दाखवीन आणि म्हणेन, "हे माझे आहेत. मामाने बसवलेली फट बरोबर होती. त्याचा हात शेवटपर्यंत चांगला होता." शाल नको म्हणून सांगेन. चिडले तर चिडू देत, उठून गेले तर जाऊ देत. जे उरतील त्यांच्यासमोर वायर लावीन, आणि पहिला बिल्ला मामी टाकेल. तिला रिकामं जाळंच लागणार, माहितीय मला. लागू दे.

दार उघडं असेल आणि खाली रस्ता असेल. पण नाही पळणार, मामा. ह्या वेळी नाही.

तुझी,
सायली